विश्लेषण : गिअर ओतीव चांगला की घडीव? दात्यांवर खड्डे नेमके कशामुळे पडतात?

गाळप हंगाम संपला की साखर कारखान्यांत दुरुस्तीचे दिवस सुरू होतात. मिल हाउस उघडले जाते, रोलर बाहेर निघतात, गिअरवरचे काळे ग्रीस धुऊन काढले जाते आणि मगच दात्यांची खरी अवस्था दिसते. कुठे ज्वारीच्या दाण्याएवढे खड्डे, कुठे नखाएवढी खपली निघालेली. नवा गिअर मागवायचे ठरते आणि खरेदी विभागाच्या टेबलावर दोन कोटेशन येतात : एक कास्ट स्टीलचे म्हणजे ओतीव पोलादाचे, दुसरे फोर्ज्ड स्टीलचे म्हणजे घडीव पोलादाचे. दुसऱ्याचा दर जास्त. फोर्ज्ड म्हणजे भक्कम आणि कास्ट म्हणजे कच्चे, असे विक्रेता सांगतो. जुना फिटर म्हणतो, आमचे ओतीव पिनियन कित्येक हंगाम चालले, त्यांना काय झाले? गंमत म्हणजे दोघांचेही काही अंशी बरोबर असते. मात्र निर्णय चुकला, तर ऐन हंगामात मिल थांबते आणि गव्हाणीत ऊस वाळत पडतो. म्हणून हा प्रश्न नीट समजून घेण्यासारखा आहे.

खड्डे पडणे म्हणजे झिजणे नव्हे, मग काय?

लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही. तीच मागे-पुढे वीस-पंचवीस वेळा वाकवली की तुटते. जोर तेवढाच असतो, पण धातू थकतो. गिअरच्या दात्याच्या पृष्ठभागाचेही असेच होते. एका गिअरचा दाता दुसऱ्याच्या दात्यावर दाबला जातो, सुटतो, पुढच्या फेऱ्यात पुन्हा दाबला जातो. लाखो-कोटी वेळा असे झाल्यावर पृष्ठभागावर किंवा त्याच्या किंचित खाली सूक्ष्म चीर पडते. ती वाढत जाऊन पुन्हा पृष्ठभागाकडे वळते आणि धातूचा एक कण निखळतो. उरतो तो खड्डा. कारखान्यात याला ‘पिटिंग’ म्हणतात आणि मोठी खपली निघाली तर ‘स्पॉलिंग’.

झिजणे वेगळे. तेलातील कचरा, वाळू किंवा उसाच्या रसातील माती दात्यावर घासली गेली की धातू हळूहळू खरवडला जातो. तिथे दाता पातळ होतो, पण सहसा गुळगुळीत राहतो. दाता मुळाशी मोडणे हा तिसरा प्रकार. हे तिन्ही प्रकार एकाच गिअरवर दिसू शकतात आणि खरेदीच्या वेळी तिन्हींची सरमिसळ होते. ओतीव की घडीव या प्रश्नाचे उत्तर मात्र तिन्हींसाठी वेगवेगळे आहे.

पिटिंग बहुधा दात्याच्या मध्यावर, पिच लाइनच्या जरा खालच्या भागात सुरू होते. तिथे दाते एकमेकांवर लोळतातही आणि घसरतातही, शिवाय घसरण्याची दिशा चीर उघडायला मदत करणारी असते. उघडलेल्या चिरेत तेल शिरते, पुढच्या दाबाखाली चिरेचे तोंड मिटते आणि आत कोंडलेले तेल पाचरीसारखे काम करते.

पृष्ठभागाखाली किती खोलवर ही गडबड होते?

याचा हिशेब हाइनरिश हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने मांडला. ‘हर्ट्झ’ हे एकक ज्याच्या नावाने आहे, तोच हा. १८८० च्या नाताळच्या सुट्टीत, वयाच्या २३ व्या वर्षी, काचेची दोन भिंगे एकमेकांवर दाबली तर त्यांचा आकार कसा बदलतो या प्रश्नावर तो विचार करत होता. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे ते गणित आजही बेअरिंग, रेल्वेचे चाक आणि गिअर या सगळ्यांसाठी वापरले जाते.

त्याचे सार असे. दोन वक्र पृष्ठभाग दाबले गेले की त्यांचा स्पर्श रेषेएवढा न राहता एक अरुंद पट्टी तयार होते. सगळा भार त्या पट्टीवर येतो. मधल्या आकाराच्या गिअरचे उदाहरण घेऊ. स्पर्शाच्या जागी दोन्ही दात्यांची मिळून परिणामी वक्रता-त्रिज्या २० मिलिमीटर आहे आणि दात्याच्या रुंदीच्या दर मिलिमीटरवर सुमारे ५५ किलो भार आहे, असे समजा. पट्टीची रुंदी येते जेमतेम ०.७ मिलिमीटर आणि तिच्या मध्यावरचा दाब येतो दर चौरस मिलिमीटरला १,००० न्यूटन, म्हणजे नखाच्या टोकाएवढ्या जागेवर सुमारे १०० किलो.

यातला खरा मुद्दा खोलीचा आहे. धातूचे थर एकमेकांवर सरकवू पाहणारा ताण सर्वाधिक असतो तो पृष्ठभागावर नव्हे, तर त्याच्या थोडा खाली. वरच्या उदाहरणात ही खोली सुमारे ०.२७ मिलिमीटर येते, म्हणजे वहीचे तीन कागद एकावर एक ठेवल्यावर होणारी जाडी. सिमेंट भट्टीच्या अवाढव्य गिअरमध्ये वक्रता-त्रिज्या मोठी असते, त्यामुळे तिथे हीच खोली एक मिलिमीटरच्या पुढे जाते. घर्षण जास्त असेल किंवा पृष्ठभाग खडबडीत असेल, तर हा ताण वर सरकतो आणि चीर थेट पृष्ठभागावरच सुरू होते.

म्हणजे गिअर दोन मीटरचा असो की दोन इंचांचा, पिटिंगचा निकाल लागतो तो या पातळशा थरात. या थरात पोलाद किती कडक आहे आणि त्यात पोकळी किंवा मळीचा कण दडला आहे का, हे दोन प्रश्न आधी येतात. ते पोलाद ओतले की घडवले, हा प्रश्न त्यानंतरचा.

मग अभियांत्रिकीच्या पुस्तकात ओतीव-घडीव असा भेद का दिसत नाही?

मेकॅनिकल इंजिनीअरिंग शिकलेल्या कोणालाही तिसऱ्या-चौथ्या वर्षातील ‘वेअर स्ट्रेंग्थ’चे सूत्र आठवत असेल. अर्ल बकिंगहॅम यांच्या नावाने शिकवले जाणारे. नावात ‘वेअर’ असले तरी ते झिजेचे नसून पिटिंगचे सूत्र आहे, हे परीक्षा होईपर्यंत आमच्यापैकी फार थोड्यांच्या लक्षात आले होते. २० अंश दाबकोन असलेल्या पोलादी गिअरसाठी त्यातील पदार्थाचा गुणक सोपा करून देतात : ब्रिनेल हार्डनेसला शंभराने भागा, त्याचा वर्ग करा, ०.१६ ने गुणा. बीएचएन २५० असेल तर उत्तर येते १ आणि ५०० असेल तर ४. कडकपणा दुप्पट, तर पृष्ठभागाला पेलणारा भार चौपट.

या सूत्रात पोलाद कसे बनवले हे विचारलेच जात नाही. ते चूक नाही, पण अपुरे आहे. सूत्राने गृहीत धरलेले असते की आतला धातू सगळीकडे सारखा आणि निर्दोष आहे. कास्टिंग आणि फोर्जिंग यांतील फरक नेमका या गृहीतकातच दडलेला आहे.

ओतीव पोलादात नेमकी अडचण कुठे येते?

पोलाद सुमारे १,५५० ते १,६०० अंश सेल्सिअसला वितळलेल्या स्थितीत वाळूच्या साच्यात ओततात. गोठताना त्याचे आकारमान साधारण तीन टक्क्यांनी घटते. ही घट भरून काढायला साच्यावर ‘रायझर’ ठेवतात. त्यातील रस शेवटपर्यंत पातळ राहतो आणि आक्रसणाऱ्या भागाला पुरवला जातो. रायझरची जागा किंवा आकार चुकला, तर शेवटी गोठणाऱ्या भागात पोकळ्या राहतात. कधी विरघळलेला वायू बुडबुड्यांच्या रूपाने अडकतो, कधी साच्यातील वाळूचा कण आत जातो.

गिअरच्या बाबतीत याला एक खास वळण आहे. कास्टिंगमध्ये सर्वांत निरोगी धातू असतो तो बाहेरच्या कातडीत, कारण ती आधी आणि झटपट गोठते. सदोष भाग बहुधा जाडीच्या मध्याकडे असतो. गिअरचे ब्लँक ओतल्यावर आपण लेथवर त्याची ही चांगली कातडी काढून टाकतो आणि हॉबिंग मशीनवर दाते कापत आणखी खोल जातो. दाते जितके मोठे, तितके आपण जाडीच्या मध्याजवळ पोहोचतो. वरून स्वच्छ दिसणाऱ्या रिमवर दाते कापल्यानंतर अचानक छिद्रे दिसू लागतात ती यामुळे. अशा वेळी कामगाराला बोल लावला जातो, पण छिद्र त्याने पाडलेले नसते. ते तिथेच होते.

अशी पोकळी हर्ट्झच्या त्या पातळ थरात सापडली, तर तिच्या काठावर ताण आसपासच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक होतो. चीर सुरू व्हायला एवढे पुरेसे आहे.

कास्टिंगची एक जमेची बाजूही आहे. ओतीव धातूचे गुण सर्व दिशांना जवळपास सारखे असतात. फोर्जिंगला हे म्हणता येत नाही.

फोर्जिंगने काय बदलते आणि काय बदलत नाही?

घडीव गिअरचा धातूही आधी ओतलेलाच असतो. पोलाद कारखान्यात त्याचे इन्गॉट किंवा सलग ओतलेले ब्लूम बनते, ते लाटून बिलेट होते. मग ते साधारण १,१५० ते १,२५० अंशांपर्यंत तापवून हातोड्याखाली किंवा प्रेसमध्ये दाबले जाते. पुण्याच्या मुंढव्यापासून चाकणपर्यंत ज्यांनी फोर्जिंगची शॉप पाहिली आहेत, त्यांना त्या दणक्याने हादरणारी जमीन आठवेल. या दाबाने आतल्या बारीक पोकळ्या मिटून सांधल्या जातात, गोठताना तयार झालेली झाडाच्या फांद्यांसारखी जाडीभरडी रचना मोडते आणि कण बारीक होतात. याखेरीज गोल चकतीच्या मध्यावरचा, म्हणजे मूळ इन्गॉटमधील सर्वांत कमअस्सल धातू बहुधा शाफ्टच्या भोकासाठी कापून टाकला जातो. दाते येतात बाहेरच्या, चांगल्या भागात. कास्टिंगच्या नेमके उलट.

पण मळीचे कण फोर्जिंगने नाहीसे होत नाहीत. पोलादातील मँगनीज सल्फाइडसारखे मऊ कण चपटे होऊन लांब धाग्यांसारखे पसरतात आणि अॅल्युमिनाचे कठीण कण तुटून रांगेत बसतात. लाकडाला जशी रेषा असते, तशी घडीव पोलादालाही येते. रेषेच्या दिशेने ते भक्कम असते, आडवे जरा कमी. म्हणून पिटिंगपुरते पाहिले तर फोर्जिंगपेक्षा पोलाद मुळात किती स्वच्छ आहे याला अधिक महत्त्व येते. निर्वात पात्रात वायू काढून घेतलेले, दशलक्ष भागांत वीस-पंचवीस भागांपेक्षा कमी ऑक्सिजन असलेले पोलाद गिअरसाठी मागवतात ते याच कारणाने.

इथे एक सावधगिरी. कोटेशनवर ‘फोर्ज्ड’ लिहिलेला प्रत्येक गिअर खरोखर घडवलेला असतोच असे नाही. लाटलेल्या गोल बारचा तुकडा कापून त्यावर दाते पाडले तरी व्यवहारात त्याला सर्रास फोर्ज्ड म्हटले जाते. त्यात पोकळी नसेल, पण रेषा बारच्या लांबीला समांतर, म्हणजे दात्याला वाकवणाऱ्या ताणाला आडव्या राहतात. उभा तुकडा ठोकून चकती केली, तर रेषा केंद्राकडून परिघाकडे वळतात आणि दात्याच्या मुळाला आधार मिळतो. दोन्ही गिअर रंगवून ठेवले, तर डोळ्यांना फरक कळणार नाही.

आकड्यांत हा फरक किती?

गिअरची क्षमता काढण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या आयएसओ ६३३६ या मानकाचा पाचवा भाग पदार्थांविषयी आहे. प्रत्येक प्रकारच्या पोलादाचा पृष्ठभाग किती दाब पेलू शकतो, हे त्यात कडकपणानुसार दिले आहे. शिवाय दर्जाच्या तीन पायऱ्या आहेत : एमएल म्हणजे किमान, एमक्यू म्हणजे अनुभवी उत्पादकाला माफक खर्चात जमणारा आणि एमई म्हणजे सर्वांत कसोशीचा.

क्वेंचिंग-टेम्परिंग केलेले मिश्रपोलाद घेऊ, कडकपणा २५० व्हिकर्स. एमक्यू दर्जाच्या घडीव पोलादाची मर्यादा दर चौरस मिलिमीटरला सुमारे ७०० न्यूटन येते. त्याच कडकपणाच्या ओतीव पोलादाची सुमारे ६१५. म्हणजे साधारण एक-अष्टमांश कमी. वाचायला हा फरक किरकोळ वाटतो. पण पिटिंगचे आयुष्य भाराच्या साधारण चौथ्या घाताच्या उलट प्रमाणात बदलते आणि भार दाबाच्या वर्गाप्रमाणे. म्हणजे दाबाच्या हिशेबात घात आठवा होतो. त्यामुळे दोन्ही गिअरवर तोच भार ठेवला आणि मर्यादेच्या वर काम चालू असेल, तर ओतीवचे आयुष्य घडीवच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते. विक्रेत्याचे म्हणणे इथे खरे ठरते.

आता त्याच तक्त्यातील दुसरी बाजू. कसोशीने बनवलेल्या, म्हणजे एमई दर्जाच्या ओतीव पोलादाची मर्यादा जवळपास ७०० पर्यंत, एमक्यू घडीवच्या बरोबरीला पोहोचते. आणि किमान दर्जाच्या, तपासण्या न केलेल्या घडीव पोलादाची मर्यादा सुमारे ५१५ एवढी खाली उतरते, म्हणजे बऱ्या ओतीवपेक्षाही कमी. माझ्या मते या सगळ्या वादात सर्वांत बोलकी तुलना हीच आहे. बेफिकिरीने केलेले फोर्जिंग काळजीने केलेल्या कास्टिंगपुढे हरते, आणि ते कोणा फाउंड्रीवाल्याचे मत नसून मानकातच लिहिलेले आहे.

आणि या दोन्हींना मागे टाकणारी तिसरी गोष्ट आहे : पृष्ठभागाला कार्बन पाजणे. केस कार्बुरायझिंग केलेल्या घडीव पोलादाची मर्यादा १,३००, १,५०० आणि १,६५० अशी तीन दर्जांत दिली आहे. २५० व्हिकर्सच्या ओतीवशी १,५०० ची तुलना करा. दाब जवळजवळ अडीचपट, म्हणजे पेलवणारा भार पाच-सहापट. आपल्या दुचाकी-चारचाकीच्या गिअरबॉक्समध्ये २०एमएनसीआर५ सारखी पोलादे वापरतात, त्यांना सुमारे ९०० ते ९५० अंशांवर कार्बन देतात आणि वरचा थर ५८ ते ६२ रॉकवेलपर्यंत कडक करतात, ते या हिशेबासाठी. कडक थरात निर्माण होणारा आतल्या आत दाबून ठेवणारा ताण चिरेचे तोंड मिटलेले ठेवतो, हा वेगळा फायदा.

ओतीव पोलादालाही कार्बन देता येतो. पण इतक्या दाबाखाली एखादी छोटी पोकळीही महागात पडते, म्हणून या वर्गात घडीव किंवा लाटलेले पोलादच चालते. मोटारीच्या गिअरपुरता हा वाद केव्हाच मिटला आहे.

प्रत्यक्ष चाचण्या काय सांगतात?

अमेरिकेच्या नासाने क्लीव्हलँडच्या लुईस केंद्रात हेलिकॉप्टरच्या गिअरसाठी अनेक वर्षे अशा चाचण्या केल्या. त्यातील १९७० च्या दशकातील एक मालिका इथे उपयोगी आहे. एम-५० या अतिकडक पोलादाचे काही गिअर बारमधून कापून बनवले होते, काहींचे दातेच फोर्जिंगने घडवले होते. कापलेले गिअर मुख्यतः दाता मोडून निकामी झाले. घडवलेले टिकले आणि अखेरीस पिटिंगने थकले. म्हणजे फोर्जिंगच्या रेषांचा सर्वांत मोठा फायदा मिळाला तो दात्याच्या मुळाला, पृष्ठभागाला नव्हे.

याच केंद्रातील आणखी एक निष्कर्ष खिशाला परवडणारा आहे. कार्बुराइज केलेल्या गिअरच्या दात्यांवर पोलादी गोळ्यांचा मारा केला, म्हणजे शॉट पीनिंग केले, की पिटिंगचे आयुष्य साध्या गिअरच्या १.६ पट झाले. धातू तोच, भट्टी तीच.

मग ओतीव गिअर वापरतातच कशाला?

कारण आकार. चंद्रपूर जिल्ह्यातील सिमेंट कारखान्यांत जी फिरती भट्टी दिसते, तिच्या पोटाभोवती गुंडाळलेला गिअर काही मीटर व्यासाचा असतो. त्याला गर्थ गिअर म्हणतात. तो दोन किंवा चार तुकड्यांत ओतून बोल्टने जोडतात. एवढे कडे घडवून लाटायची यंत्रे जगात मोजकी. असा गिअर कार्बुराइज करून भट्टीत सरळ ठेवणेही व्यवहार्य नसते. म्हणून गर्थ गिअर मध्यम कडकपणाचा ओतीव ठेवतात, दात्याची रुंदी वाढवून दाब कमी करतात आणि त्याला फिरवणारा छोटा पिनियन मात्र घडीव व अधिक कडक घेतात. पिनियन जास्त वेळा फिरतो, त्यामुळे त्याच्या दात्यांना जास्त सोसावे लागते आणि तो बदलणेही सोपे.

दुसरे कारण फेऱ्यांचे. आपल्या साखर कारखान्यातील मिलचा रोलर मिनिटाला पाचेक फेरे घेतो. खालच्या रोलरवरील क्राउन पिनियनचा प्रत्येक दाता एका फेऱ्यात एकदा दाबला जातो, असे धरले तर तासाला ३००, दिवसाला ७,२०० आणि १५० दिवसांच्या हंगामात सुमारे १०.८ लाख वेळा. मिनिटाला १,५०० फेरे घेणाऱ्या गिअरबॉक्सच्या पिनियनला एवढी आवर्तने पूर्ण करायला लागतात फक्त १२ तास! एकाचा हंगाम आणि दुसऱ्याचा अर्धा दिवस, थकव्याच्या हिशेबात सारखेच. फिटर सांगतो ते कित्येक हंगाम यातून उलगडतात. शिवाय क्राउन पिनियन उघडा असतो, रस आणि भुसा त्यावर उडतो, वरचा रोलर उचलला गेला की दात्यांची पकड बदलते. तिथे पिटिंगपेक्षा झीज आणि धक्का यांचे भय जास्त. अशा जागी महागडा घडीव पिनियन घेणे हा निदान पिटिंगच्या कारणासाठी तरी फारसा फायद्याचा सौदा नाही. मात्र त्याच मिलला फिरवणाऱ्या बंद गिअरबॉक्सच्या वेगवान टप्प्यात ओतीव पिनियन बसवणे म्हणजे संकट ओढवून घेणे.

साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर फिरणाऱ्या पवनचक्क्यांसारख्या यंत्रांच्या गिअरबॉक्समध्ये तर दोन्ही एकाच पेटीत नांदतात. प्लॅनेट गिअर धरणारा सांगाडा आणि बाहेरचे घर ओतीव एसजी आयर्नचे, दाते असलेले गिअर घडीव आणि कार्बुराइज केलेले.

कोल्हापूरसाठी यात काय आहे?

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातील फाउंड्रींचे मुख्य काम पोलादाचे नसून ओतीव लोखंडाचे, ग्रे आणि एसजी आयर्नचे आहे. तेल इंजिनांच्या निर्मितीतून हा उद्योग वाढला. एसजी आयर्नवर विशिष्ट उष्णतोपचार केला की ‘एडीआय’ तयार होते. त्याच्या पृष्ठभागावर भार पडला की तिथला ऑस्टेनाइट बदलून थर आणखी कडक होतो. धातू काम करता करता स्वतःला घट्ट करतो म्हणा ना. जनरल मोटर्सने १९७० च्या दशकात मोटारींच्या मागच्या अॅक्सलमधील घडीव पोलादी गिअरच्या जागी एडीआयचे गिअर बसवले होते. केस कार्बुराइज केलेल्या उत्तम पोलादाची बरोबरी ते पिटिंगमध्ये करत नाही, पण साध्या मध्यम कडकपणाच्या पोलादी गिअरला ते खरा पर्याय ठरू शकते, वजनाला हलके आणि आवाजाला कमी.

खड्डे दिसले म्हणजे दोष पोलादाचाच?

बहुतेक वेळा तपासणी इथूनच सुरू व्हायला हवी. खड्डे दात्याच्या पूर्ण रुंदीवर सारखे पसरलेले असतील, तर पदार्थ, कडकपणा किंवा एकूण भार याकडे बोट जाते. पण ते दात्याच्या एकाच टोकाला दाटले असतील, तर शाफ्ट तिरका आहे किंवा बेअरिंग बसले आहे. सगळा भार दात्याच्या एक-तृतीयांश रुंदीवर आला, तर तिथला भार तिप्पट होतो आणि चौथ्या घाताच्या नियमाने आयुष्य ऐंशीव्या हिश्श्यावर येते. ओतीव-घडीवचा तिपटीचा फरक यापुढे काहीच नाही. अशा गिअरच्या जागी जास्त पैसे मोजून घडीव गिअर बसवला, तर तोही त्याच टोकाला फुटतो. मग दोष फाउंड्रीवरून फोर्जवर जातो, एवढेच.

एकाच जागी, एखाद-दुसऱ्याच दात्यावर मोठी खपली निघाली आणि बाकीचे दाते स्वच्छ असतील, तर आतली पोकळी किंवा मळीचा कण हा संशय रास्त. नव्या मध्यम कडकपणाच्या गिअरवर सुरुवातीला आलेले बारीक खड्डे काही काळाने थांबतातही. उंचवटे झडून भार नीट वाटला जातो. त्यामुळे पहिले खड्डे दिसताच गिअर काढायची घाई करू नये. एकाच दात्याचे दर आठवड्याला त्याच कोनातून मोबाइलवर फोटो काढून ठेवले, तर खड्डे वाढत आहेत की थांबले आहेत हे कळते. ऑइल कोणत्या ग्रेडचे आहे आणि त्यात पाणी शिरले आहे का, हेही तेव्हाच पाहावे.

ऑर्डरवर ‘कास्ट’ किंवा ‘फोर्ज्ड’ याखेरीज काय लिहावे?

ओतीव गिअर घेत असाल तर रिमची अल्ट्रासॉनिक चाचणी दाते कापण्यापूर्वी आणि दात्याच्या मुळापेक्षा खोलपर्यंत करून मागावी. दाते कापल्यावर प्रत्येक दात्याची मॅग्नेटिक पार्टिकल चाचणी. दात्यांच्या भागात लेखी परवानगीशिवाय वेल्डिंगने छिद्रे बुजवू नयेत, ही अट स्पष्ट शब्दांत हवी, कारण रंग दिल्यावर भरलेले छिद्र सापडत नाही आणि वेल्डच्या कडेला कडकपणा बदललेला असतो. घडीव गिअर घेत असाल तर मूळ बिलेट किती आकाराचे होते आणि ते किती दाबले गेले, म्हणजे फोर्जिंग रेशो किती, हे विचारावे. तीनास एक किंवा त्याहून अधिक असेल तर ठीक. बारमधून कापला आहे का, हा प्रश्न सरळ विचारावा. त्याच हीटच्या पोलादाचा अहवाल आणि उष्णतोपचाराचा आलेख दोन्ही प्रकारांत मागावा. निव्वळ ‘आयएस १०३०’ किंवा ‘आयएस २००४’ लिहून भागत नाही. ती अनुक्रमे सर्वसाधारण पोलादी कास्टिंग आणि फोर्जिंगची मानके आहेत, गिअरच्या दात्यांची नव्हेत.

कडकपणा तयार दात्याच्या बाजूवर मोजून द्यायला सांगावे. हबवर किंवा वेगळ्या ओतलेल्या नमुन्यावर मोजलेला आकडा प्रमाणपत्रात छान दिसतो, पण जाड रिममध्ये क्वेंचिंग आतपर्यंत पोहोचलेले नसेल, तर दाते कापल्यावर त्याच गिअरचा आकडा तीस-चाळीस बीएचएनने खाली येऊ शकतो. बकिंगहॅमच्या सूत्रात घालून पाहा : २५० ऐवजी २१० झाले, तर भार पेलण्याची क्षमता जवळपास तीस टक्क्यांनी घटते. खिशात मावणारा हार्डनेस टेस्टर आता बहुतेक मेंटेनन्स विभागांत असतो. गिअर ट्रकमधून उतरवतानाच तो दात्याला लावून पाहायला दहा मिनिटे लागतात.